गिअरची दांडी लोळू लागली तर



पाऊस उघडला. बाजरी खळ्यावर आली, रब्बी ज्वारीसाठी रान तयार करण्याची घाई सुरू झाली. आणखी महिन्याभरात कारखान्यांचे बॉयलर पेटतील आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतील. म्हणजे ट्रॅक्टरला आता उसंत नाही.

या सदरात मी नेहमी बियाणे, खते आणि किडी यांच्याविषयी लिहितो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या गिअरची दांडी सैल होते, लोळू लागते, त्याचे काय करावे, हा तो विषय. मी काही मिस्त्री नव्हे. बी.एस्सी.ला शेती अवजारांचे जे शिकलो तेवढेच माझे पुस्तकी ज्ञान. बाकीचे शिकलो ते खात्याच्या एका म्हाताऱ्या जीपवर आणि मिस्त्रींच्या शेडमध्ये स्टुलावर बसून. तरीही हे लिहितो आहे, त्याला कारण घडले.

गेल्या वैशाखातली गोष्ट. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या एका गावात मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. काम आटोपल्यावर तिथल्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनी, त्यांना आपण आबा म्हणू, मला ट्रॅक्टरवरून फाट्यापर्यंत सोडले. मी मडगार्डवर बसलो. तेही चूकच. ट्रॅक्टर पस्तीस वर्षांचा. गिअर बदलताना आबांचा हात दर वेळी माझ्या गुडघ्याला लागत होता, इतकी दांडी लोळत होती. मी म्हणालो, "आबा, दांडी फारच सैल झालीय." आबा म्हणाले, "साहेब, आमचं वय झालं तसं तिचंबी झालं. कुठला गिअर कुठं हाय ते आमच्या हाताला ठावं हाय." दोघेही हसलो. फाट्यावर उतरलो, नमस्कार केला आणि विसरून गेलो.

आठ दिवसांनी निरोप आला. आबा बाजारला गेले होते. धाकट्या मुलाला पाण्याचा टँकर ओढून आणायचा होता. किल्लीने स्टार्टर उठेना, म्हणून त्याने खाली उभे राहूनच पाना लावला आणि स्टार्टरची दोन टोके जोडली. दांडी मधोमध उभी दिसत होती. त्याला वाटले न्यूट्रल आहे. आत मात्र गिअर पडलेला होता. इंजिन उठले तसा ट्रॅक्टर पुढे गेला आणि मागचे चाक पोराच्या पायावरून गेले. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. जीव वाचला एवढेच.

दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा पोराची आई खाटेशेजारी बसली होती. तिने विचारले, "साहेब, तुमी त्या दिशी ट्रॅक्टरवर बसला व्हता न्हवं? तुमास्नी कळलं न्हाई व्हय?"

कळले होते. पण हसण्यावारी नेले होते. म्हणून आजचा हा लेख.

दांडी आत कशी बसते

आपल्या देशात १९६० च्या सुमारास ट्रॅक्टर बनू लागले. तेव्हापासूनच्या कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांत आणि जुन्या जीपमध्ये गिअरची दांडी सरळ गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणातून आत जाते. दांडीला खालच्या भागात एक गोळा असतो. खांद्याच्या सांध्यात हाडाचा गोळा बसतो, तसा हा गोळा झाकणातल्या वाटीत बसतो. एक स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि वरून टोपी बसते. दांडी स्वतःभोवती गरगर फिरू नये म्हणून गोळ्याच्या खाचेत एक छोटी पिन असते. या सगळ्यावर धूळपाणी जाऊ नये म्हणून रबरी बूट असतो.

गोळ्याच्या खाली उरलेले दांडीचे टोक शिफ्टरच्या खाचेत बसते. आपण मूठ पुढे ढकलली की हे टोक मागे जाते, शिफ्टरची सळई सरकवते आणि सळईवरचा फोर्क गिअर सरकवतो. सळई जागेवर राहावी म्हणून तिच्या खळग्यात एक पोलादी गोळी स्प्रिंगने दाबलेली असते. गिअर पडताना हाताला जो 'टक' लागतो, तो या गोळीचा.

आता पहारेचा हिशेब आठवा. गोळ्याच्या वर दांडी ४० सेंटीमीटर आणि खाली ८ सेंटीमीटर धरली, तर वरची बाजू खालच्या पाचपट झाली. खाली टोकाशी २ मिलिमीटर झीज झाली की वर मूठ १० मिलिमीटर जादा हलणार. म्हणून मूठ वीतभर लोळू लागली की घाबरून ट्रॅक्टर मोडीत काढू नये. आतली झीज त्या मानाने थोडीच असते. पण दुर्लक्षही करू नये, कारण टोक खाचेत सैल झाले की सळई गिअरमध्येच राहते आणि दांडी मात्र मधोमध येऊन उभी राहते. आबांच्या घरी नेमके हेच झाले. दांडी म्हणत होती न्यूट्रल, आणि ते खोटे होते.

आधी ढिलाईचे ठिकाण शोधा

ज्येष्ठात मिस्त्रींनी आबांचा ट्रॅक्टर उघडला, तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. पाना हातात घेण्यापूर्वी त्यांनी दहा मिनिटे नुसती दांडी हलवून पाहिली. त्यांनी जे पाहिले, ते आपल्यालाही पाहता येईल.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, हँडब्रेक ओढलेला, नांगर किंवा इतर अवजार खाली टेकलेले. मागच्या चाकांना पुढून व मागून मोठे दगड लावा. मग बूट वर सरकवा आणि पुढीलप्रमाणे पाहा.

१. मूठ. कधीकधी फक्त मुठीचा आटा सैल असतो. तो आवळला की काम झाले.

२. दांडी वर उचलून पाहा. ती वर-खाली होत असेल, तर स्प्रिंग मेली आहे, टोपी सैल आहे किंवा गोळा आणि वाटी झिजली आहेत.

३. दांडी स्वतःभोवती पिळून पाहा. गिरकी घेत असेल, तर पिन झिजली आहे किंवा तुटून पडली आहे.

४. गोळा घट्ट आहे, तरी मूठ लोळते. मग क्लच दाबून एक गिअर टाका आणि मूठ पुन्हा हलवा. न्यूट्रलमध्ये दांडी आडवी हलणे स्वाभाविक आहे, तो दोष नव्हे. पण गिअर पडलेला असतानाही ती तितकीच हलत असेल, तर खालचे टोक किंवा शिफ्टरची खाच झिजली आहे.

५. दांडी घट्ट आहे, पण चालताना गिअर आपोआप सुटतो. तेव्हा दोष दांडीत नाही. गोळी-स्प्रिंग, फोर्क किंवा गिअरचे दातच झिजले आहेत. हे काम मिस्त्रींचे.

६. दांडी घट्ट आहे, पण गिअर टाकताना खरखर होते. तेव्हा आधी क्लच पाहा. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते. बहुतेक ट्रॅक्टरांत ती इंचाच्या आसपास असते, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चाल फार वाढली की क्लच पुरता सुटत नाही आणि दोष उगाच दांडीच्या माथी बसतो.

आबांच्या ट्रॅक्टरमध्ये काय निघाले? पिन जागेवर नव्हतीच. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. बूट फाटून कित्येक पावसाळे लोटले असावेत, कारण वाटीत वाळू होती. वाळू आणि ग्रीस एकत्र आले की त्याचे पॉलिश पेपरासारखे काम होते. गोळा एका बाजूने चपटा झाला होता आणि खालचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते.

घरच्या घरी किती करावे

टोपी, स्प्रिंग, पिन आणि बूट बदलणे हे ज्याच्या हाताला पाना सरावलेला आहे, त्याला घरी जमण्यासारखे आहे. मात्र क्रम सोडू नये.

पहिले काम सफाईचे. झाकणाभोवतीची माती आधी खरवडा, मग डिझेल आणि ब्रशने धुवा, फडक्याने कोरडी करा. उघडल्यानंतर धुतलेत, तर सगळी माती आत जाईल. दांडी न्यूट्रलला घ्या. मग टोपी सोडवा. काही यंत्रांत ती बोल्टांनी बसवलेली असते, काहींत दाबून फिरवली की सुटते. खाली स्प्रिंगचा जोर असतो, म्हणून तोंड वर नेऊन वाकू नका. एकेक भाग निघेल तसा थाळीत ओळीने मांडा. कोणता खाली, कोणता वर हे विसरायला होत नाही.

दांडी निघाली की लगेच भोकावर स्वच्छ, धागे न सुटणारे फडके ठेवा. एखादा नट आत पडला, तर पाच मिनिटांचे काम पाच दिवसांचे होते. तत्पूर्वी बॅटरी लावून आत डोकावा. शिफ्टरच्या खाचा शेजारी-शेजारी दिसतील. सर्व खाचा एका ओळीत असल्या, म्हणजे खरे न्यूट्रल. एखादी पुढेमागे असेल, तर ती सळई गिअरमध्ये आहे. न्यूट्रल डोळ्यांनी पाहायची ही एकच जागा. दांडी परत बसवण्यापूर्वी या खाचा ओळीत आणून घ्याव्यात.

उघडले आहेच तर तेलही पाहा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते बदलावे लागेल. तेलात लोखंडाचा बारीक चुरा चमकत असेल, तर आतले दात झिजत आहेत असे समजा. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घाला. काही ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. तिथे शेजाऱ्याने सांगितलेले तेल ओतले, तर नांगर उचलायचाच बंद होईल.

गोळा किंवा टोक झिजले असेल, तर सर्वांत चांगले म्हणजे नवी दांडी. जुन्या मॉडेलची मिळत नसेल, तर मिस्त्री वेल्डिंगने भरून लेथवर गोळा उतरवून देतात आणि टोक कानशीने घासून मापात आणतात. यात दोन गोष्टी सांभाळा. वेल्डिंग दांडी बाहेर काढूनच करायचे, ट्रॅक्टरवर बसलेली असताना कधीही नाही. आणि टोक खाचेत फार घट्टही नको. सहज सरकले पाहिजे आणि लोळता कामा नये, असे मधले माप साधावे लागते. आबांच्या मिस्त्रींनी टोक तीन वेळा खाचेत घालून पाहिले आणि तीन वेळा पुन्हा घासले.

बसवताना गोळ्याला ग्रीस, जुन्या जागी नवे पॅकिंग, पिन खाचेत नीट बसल्याची खात्री, वर टोपी आणि शेवटी नवा बूट. बुटाला कंजूषी करू नका. सगळ्यांत स्वस्त भाग तोच, आणि बाकीच्यांचे आयुष्य राखणाराही तोच.

वरचे मोठे झाकण मात्र घरी उचलू नये. काही यंत्रांत ते उचलताच गोळ्या आणि स्प्रिंगा उडून बाहेर येतात. एक गोळी हरवली तर गिअर टिकत नाही, आणि दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून बसवलेली आडवी पिन राहून गेली, तर तो धोका वेगळाच.

जीपवाल्यांसाठी दोन शब्द

खात्याची ती जुनी जीप एकदा घाटाच्या पायथ्याशी अडून बसली. पुढेही जाईना, मागेही येईना. दांडीचे टोक झिजून एका खाचेतून निसटले होते आणि दोन गिअर एकाच वेळी पडले होते. ड्रायव्हर जाणता होता. त्याने इंजिन बंद केले, चाकांना दगड लावले, दांडी उपसून काढली आणि मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही खाचा एका ओळीत आणल्या. दांडी बसवली आणि आम्ही निघालो. पण हा इलाज गावी पोचण्यापुरता. टोक भरून घेतल्याशिवाय ते दुखणे पुन्हा उलटते, आणि आमचे उलटलेच.

ज्या गाड्यांना स्टिअरिंगखाली गिअर होता, उदाहरणार्थ २०१४ पर्यंत बनत असलेल्या अँबॅसडरची जुनी मॉडेले, त्यांत दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळयांची साखळी असते. तिथे गोळा नव्हे, तर सांध्यांतले बुश आणि पिना झिजतात. एकाने मूठ हलवावी, दुसऱ्याने खाली प्रत्येक सांधा पाहावा. जो सांधा हलूनही पुढची सळई हलवत नाही, तोच गुन्हेगार.

काय करू नये

गिअर सुटतो म्हणून दांडी दोरीने किंवा ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. असे कधीही करू नका. अडचणीच्या वेळी गिअर चटकन काढता आला पाहिजे. गोळ्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे भरण्याचीही पद्धत आहे. आठ दिवस घट्ट वाटते, मग तेलाने ते रबर फुगते, लिबलिबीत होते आणि तुकडे गिअरबॉक्समध्ये पडतात.

चालवताना मुठीवर हात ठेवून बसण्याची सवय पुष्कळांना असते. त्या हाताचे वजन आत फोर्कवर पडते आणि फोर्क कडेने घासत राहतो. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर घ्यावा.

भरलेली ट्रॉली घेऊन उतरणीला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर गिअर बदलू नये आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडू नये. सैल दांडीचा ट्रॅक्टर असेल, तर अधेमध्ये गिअर सापडत नाही, आणि मागची ट्रॉली तोवर थांबत नाही.

चालू करण्याची शिस्त

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवूनच, क्लच दाबून, प्रत्येक गिअर टाकून पाहा. हाय-लोची दुसरी दांडी असेल, तर तीही पाहा. प्रत्येक वेळी 'टक' लागला पाहिजे आणि न्यूट्रलमध्ये दांडी डावी-उजवी मोकळी हलली पाहिजे.

मग सीटवर बसा. क्लच पूर्ण दाबा, ब्रेकवर पाय ठेवा, दांडी आडवी हलवून न्यूट्रलची खात्री करा, तेव्हाच किल्ली फिरवा. इंजिन उठल्यावर क्लच अगदी हळू सोडा. ट्रॅक्टर जागचा हलू लागला, तर पाय परत खाली. हे फक्त दुरुस्तीच्या दिवसापुरते नाही, रोजचे आहे.

आणि खाली उभे राहून पाना लावून स्टार्टर उठवणे बंद करा. पुष्कळ ट्रॅक्टरांना क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय स्टार्टर उठू नये अशी सोय असते. पाना लावला की ती सोय बाजूला पडते, आणि उभे राहायची जागा नेमकी चाकाच्या वाटेवर येते. किल्लीचा स्विच बिघडला असेल, तर तो बदलावा.

घरातल्या मायबहिणींनाही एक सांगणे. धनी किंवा पोरगा पाना घेऊन ट्रॅक्टरच्या पोटाशी उभा दिसला, तर गप्प राहू नका. हाक मारा, भांडा, हवे तर चावी लपवा. लहान मुलांना मडगार्डवर बसू देऊ नका. मोठ्यांनाही नको, आणि त्यात मीही आलो.

आबांच्या ट्रॅक्टरचे सामान आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो दवाखान्याच्या पहिल्या दिवसाच्या बिलापेक्षा कमी होता. आबांनी तो हिशेब दोनदा करून पाहिला आणि कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. पोरगा आता काठी घेऊन वस्तीवर फिरतो. डॉक्टर म्हणतात, काठीही सुटेल. मागच्या आठवड्यात तिकडे गेलो, तेव्हा तो ट्रॅक्टरवर चढला नाही. खालीच उभा राहिला आणि थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, आधी आडवी हलवून बघ."

खंडेनवमी जवळ आली आहे. आपण नांगर, कुळव, खुरपी धुऊन मांडू, ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालू, हळदकुंकू वाहू. त्या दिवशी नारळ फोडण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. इंजिन बंद, किल्ली खिशात. दांडी उचलून पाहा, पिळून पाहा, गिअर टाकून हलवून पाहा. सैल लागली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे जा. हंगाम सुरू झाल्यावर आपल्यालाही वेळ नाही आणि त्यांनाही नाही.

आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची दांडी लोळताना दिसली, तर माझ्यासारखे हसून गप्प राहू नका. तिथल्या तिथे सांगा.

रामराम.